न चाललेला खेळ

तीर्थरूप मामा,

तुम्हाला आणि मामींना वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे जितकं वाकता आलं तितकाच, उरलेला मनातून समजून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? आई म्हणते बरा आहे, पण आई सगळ्यांचंच सगळं बरं आहे म्हणते, त्यामुळे त्यातून काही कळत नाही. मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, की मोतीबिंदू अजून पिकायचाच आहे? इकडे आईच्या मानेला पट्टा लावलाय. पट्टा लागल्यापासून तिला मान हलवून 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून घरात सध्या बराच एकोपा आहे.

पत्र लांबणार आहे, तेव्हा चष्मा लावूनच बसा. खरं तर फोनवरच बोलणार होते. चारदा केलाही. पण तुम्ही 'हं, हं, बोल' म्हणता आणि मी मूळ मुद्दा सोडून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर येते, मग तुम्ही टाकीचा व्हॉल्व्ह कसा बदलायचा ते सांगता, आणि मी 'बरं झालं सांगितलंत' म्हणून फोन ठेवते. (व्हॉल्व्ह तेव्हाच बदलला. त्यानंतरचे तीन फोन निष्कारण.) म्हणून आता लेखी.

मी कुठे काम करते ते आईने तुम्हाला सांगितलं असेल आणि चुकीचं सांगितलं असेल. मी कंप्युटर दुरुस्त करत नाही. पाठ्यपुस्तकांचा छापखाना बंद पडल्यावर (सोळा वर्षं तिथे मुद्रितं तपासली; शेवटच्या दिवशी दारावर लावायच्या 'बंद' या पाटीतला अनुस्वारही मीच बघितला) मला या दुकानात नोकरी लागली. दुकान इंटरनेटवर आहे. तिथे कंप्युटरवर खेळायचे गेम विकतात. फळ्या नाहीत, काउंटर नाही, गिऱ्हाईक डोळ्यांना दिसत नाही. गाद्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या, सहा टेबलं, आणि एक पंखा. पंखा ज्याच्या डोक्यावर आहे त्याला थंडी वाजते आणि बाकीचे पाच घामाघूम. प्रत्येक गेमखाली चार ओळींची माहिती असते, ती लिहिणं हे माझं काम. मला गेममधलं ओ की ठो कळत नाही, हे मी मुलाखतीतच सांगितलं होतं. साहेब म्हणाले, तेच हवंय. (साहेब माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहेत आणि ऑफिसात अनवाणी फिरतात, त्यामुळे ते पाठीमागे कधी येऊन उभे राहिले ते कळत नाही. हेही कळत नाही, असं म्हणायचंय मला. या नोकरीत कळण्यासारख्या गोष्टी एकूण कमीच.)

तर झालं असं. दीड महिन्यापूर्वी साहेबांनी एका बंद पडलेल्या कंपनीकडून जुन्या गेमचं अख्खं गाठोडं हक्कांसकट उचललं. गाठोडं सोडून बघितलं तर निम्मे गेम असे, की ते आले तेव्हाच लोकांनी नाकं मुरडली होती. कुणी 'टाकाऊ' म्हटलेलं, कुणी 'यापेक्षा भिंतीकडे बघत बसावं' असं छापलेलं. आता हे विकायला मांडावेत की नाही, यावर ऑफिसात दोन तट पडले. एका तटावर तक्रारताई. गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं देणं हे त्यांचं काम, म्हणून नाव पडलं ते. स्वभावाने त्या स्वतः कधी कसली तक्रार करत नाहीत. त्या म्हणाल्या, "दुकानात मांडलं म्हणजे दुकानाने हमी दिली. उद्या माणूस फसला की तो गेम बनवणाऱ्याला शोधत जात नाही, मला शोधतो." दुसऱ्या तटावर वैद्यबुवा. मेलेले गेम नव्या मशीनवर जिवंत करणारे आमचे कारागीर ते. बोलतात कमी, खोकतात जास्त. ते म्हणाले, "आपण दुकानदार आहोत, न्यायाधीश नाही. आणि आपण मांडला नाही तर मी तो चालता करणार नाही, आणि मी केला नाही तर दोन-चार वर्षांत तो कुठल्याच मशीनवर चालणार नाही. संपला विषय." मला तक्रारताईंचं पटलं. मग वैद्यबुवांचं पटलं. मग दोघं एकदम बोलायला लागले तेव्हा मी चहा टाकायला गेले.

चहा घेऊन येते तो निकाल लागलेला. साहेबांनी ठरवलं होतं की मॅडमचं कुणाशी वाकडं नाही आणि मॅडमना गेममधलं काही कळत नाही, तेव्हा एकेक गेम मॅडमनीच खेळून बघायचा आणि पुढे लिहायचं, 'विकावा' किंवा 'विकू नये'. मी दोन रकाने आखले. दुसऱ्याच दिवशी तिसरा आखावा लागला, 'कळत नाही'. मामा, मी आयुष्यभर चूक की बरोबर एवढंच बघत आले. 'परिक्षा' लिहिलं तर चूक, 'परीक्षा' लिहिलं तर बरोबर, त्यात कुणाला वाईट वाटायचा प्रश्न येत नाही. इथे पहिलाच गेम मासे पकडायचा निघाला. त्यात मासा लागतच नाही, म्हणून लोकांनी तो झोडपलेला. मी दीड तास गळ टाकून बसले. पाणी हललं, एक ढग आला आणि गेला, मासा काही लागला नाही. खऱ्या तळ्यावर तरी दुसरं काय होतं? मग हा गेम वाईट म्हणायचा की प्रामाणिक? तिसऱ्या रकान्यात गेला. दुसरा कुस्तीचा. त्यातल्या पैलवानाचं डोकं कारागिराच्या चुकीने उलटं बसलंय, पण त्यामुळे मागून कोण येतंय ते त्याला आधीच दिसतं आणि तो सारखा जिंकतो. तोही तिसऱ्यात. आठवड्याअखेर साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले (कधी ते माहीत नाही) आणि म्हणाले, "मॅडम, पहिले दोन रकाने रिकामे आहेत." मी म्हटलं, हो.

आणि मग तुमचा आला.

'वर की खाली'. नाव वाचलं आणि मी आधी पडदा बंद केला, मग उठून दार लावलं, मग लक्षात आलं की खोलीत आणखी तिघं बसलेत. तुम्ही ज्यांना तो विकायला दिला होता तीच ही बंद पडलेली कंपनी, हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. तीन वर्षं तुम्ही मागच्या खोलीत बसून तो गेम केलात: सात मजली इमारत, आणि खेळणारा म्हणजे तिथला लिफ्टमन, ज्याने माणसांना आपापल्या मजल्यावर पोचवायचं. मग तो बाजारात आला. मग ते मासिक आलं, ज्याने दहापैकी दीड गुण दिले आणि वर खुलासा केला की अर्धा खोक्याच्या रंगासाठी. त्यानंतर तुम्ही पाण्याच्या मीटरच्या खात्यात चिकटलात, उरलेले खोके पलंगाखाली गेले, आणि आपल्या घराण्यात 'लिफ्ट' हा शब्दच बंद झाला. आई अजूनही दवाखान्यात 'त्या डब्याने जाऊ' म्हणते. कुणीही तिला सांगितलेलं नाही की आता बोललं तरी चालेल, कारण चालेल की नाही ते कुणालाच माहीत नाही.

एक गोष्ट इथेच कबूल करून टाकते. तेव्हा तुम्ही मला विचारलं होतंत, "खेळलीस का?" आणि मी म्हटलं होतं, "पूर्ण खेळले मामा, खूप आवडला." मी दहा मिनिटं खेळले होते. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मला कंटाळा आला आणि मी दोरीच्या उड्या मारायला गेले. सत्तावीस वर्षं हे मनात होतं. तुम्हाला तेव्हाच कळलं असेल तर तसं कळवा, म्हणजे मी उगीच सांगितलं असं होईल.

आता मात्र पूर्ण खेळले. नऊ दिवस लागले, वैद्यबुवांच्या जुन्या मशीनवर, ऑफिसच्या वेळेत, पगार घेऊन. आणि मामा, ती तर आपलीच जुनी इमारत आहे. जिन्याच्या भिंतीवर ओल आहे तीसुद्धा त्याच आकाराची. दोन वेण्यांची एक मुलगी येते, सगळी बटणं दाबते आणि पळून जाते. मी दोन दिवस तिच्यावर भयंकर चिडले होते. तिसऱ्या दिवशी तिच्या रिबिनी ओळखल्या. आणि चौथ्या मजल्यावर एक बाई चढते ती उतरतच नाही. कुठल्याही मजल्यावर दार उघडलं की म्हणते, 'जरा थांबा हो'. आवाज मामींचा. ऑफिसात हेडफोन लावून बसले होते तरी मी तोंडाने 'बरं मामी' म्हणाले आणि तिघांनी वळून बघितलं.

पण गेम चांगला आहे का, असं विचाराल तर (विचारू नका) लिफ्ट खरंच फार हळू आहे. सातव्या मजल्याचं दार उघडत नाही. माणसं आत येऊन आपल्याला कुठे जायचंय तेच विसरतात. मी आधी 'विकू नये' लिहिलं, कारण लोकांनी तुम्हाला पुन्हा हसू नये असं वाटलं. दुपारी ते खोडून 'विकावा' लिहिलं, कारण नाही विकला तर वैद्यबुवा तो चालता करणार नाहीत आणि मामींचा तो आवाज, ती ओल, सगळंच जाईल. संध्याकाळी तेही खोडलं. शेवटी तक्रारताईंना बसवलं खेळायला, गेम कुणाचा ते न सांगता. अर्ध्या तासाने त्या उठल्या. म्हणाल्या, "वाईट आहे. उद्या परत खेळू का?"

याचा अर्थ काय लावायचा? मी रात्रभर विचार करणार होते पण झोप लागली. सकाळी एक तोडगा सुचला. छापखान्यात पुस्तक छापून झाल्यावर चुका सापडल्या तर आम्ही पुस्तक फेकून देत नव्हतो, शेवटी शुद्धिपत्र चिकटवत होतो. मग इथेही तसंच करावं. मी तुमच्या गेमखाली माहिती लिहिली ती अशी: 'हा गेम आला तेव्हा लोकांना आवडला नाही. लिफ्ट हळू आहे. सातव्या मजल्याचं दार उघडत नाही. एक बाई उतरत नाही. हे सगळं माहीत असून घेणार असाल तर घ्या, नंतर आम्हाला सांगू नका. इमारत मात्र अगदी खरी आहे.' हे नुसतं लिहून ठेवायचं होतं. पण आमच्या पडद्यावर 'ठेवा' आणि 'मांडा' ही दोन बटणं शेजारीशेजारी आहेत आणि दोन्ही हिरवी. मी 'ठेवा' समजून 'मांडा' दाबलं आणि आईला मानेच्या शेकासाठी न्यायचं म्हणून लवकर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले तर सगळे माझ्याकडे बघताहेत. तुमचा गेम दुकानात, आणि तो एक्केचाळीस जणांनी घेतलेला. तक्रारताईंकडे निरोप आलेले. एकाने लिहिलं होतं, असला माल विकायला लाज वाटत नाही का. दुसऱ्याने लिहिलं, वाईट आहे हे आधीच सांगणारं दुकान मी पहिल्यांदा पाहिलं, म्हणून घेतला. एका मुलीने कळवलं की तिच्या आईला गेम आवडत नाहीत, पण ती त्या न उतरणाऱ्या बाईशी तासन्‌तास बोलत बसते. आणि बऱ्याच जणांनी एक चमत्कारिक गोष्ट लिहिली: लिफ्टचा वेग झकास आहे. हे वाचून वैद्यबुवांना जोराचा खोकला आला. मग हळूच म्हणाले की जुने गेम मशीनच्या वेगाने पळतात, नवी मशीन जलद, तेव्हा आवर घातला नाही तर गेमही जलद पळतो, आणि माझ्या बटणाने दुकानात गेली ती त्यांनी चाचणीपुरती चालती केलेली कच्ची प्रत, तिला आवर घालायचा ते विसरले होते. म्हणजे लोक ज्याचं कौतुक करत होते तो तुमचा गेम नव्हताच, चौपट पळणारा दुसराच कुठला तरी होता. वैद्यबुवांनी दुपारी आवर घातला. लिफ्ट पूर्वीसारखी हळू झाली. संध्याकाळपर्यंत तक्रारींचा पाऊस. 'आधीचा गेम परत द्या.' आणि त्यातच दोघे-तिघे असे, की 'आता कुठे बरोबर झालं, काल बाई नीट बोलतच नव्हती.'

मग मला सांगा मामा, लोकांना न आवडलेला तो गेम नक्की कुठला? तेव्हाच्या मशीनवर लिफ्ट हळू चालायची तो, की तुमच्या मनातला? की आम्ही चुकून विकला तो? तक्रारताई म्हणाल्या, आता काढून टाका. वैद्यबुवा म्हणाले, आता तर मुळीच काढू नका. साहेब माझ्या मागे उभे होतेच. म्हणाले, "हा गेम बनवणाऱ्यालाच विचारा ना, शोधा त्याला." मी म्हटलं, शोधायला नको, ते माझे मामा. साहेब म्हणाले, "मॅडम, सख्खे?" मी म्हटलं, "सख्खे." ते म्हणाले, "आणि तुम्ही त्यांच्या गेमखाली असं लिहिलंत?"

मी पुन्हा चहा टाकायला गेले. मी खोटं काही लिहिलं नव्हतं, पण चौदाव्या वर्षी खोटं बोलले होते तेव्हा तुम्ही मला जवळ घेतलं होतंत, आणि आता एक्केचाळिसाव्या वर्षी खरं लिहिलं तर तुमच्याकडे तोंड दाखवायची लाज वाटते. यातलं चूक काय आणि बरोबर काय, ते मुद्रितशोधकाला सांगता आलं पाहिजे. मला येत नाही. तुम्ही रागावला असाल तर रागवा, पण मामींना हे पत्र वाचून दाखवताना मधला भाग गाळा.

मामींना नमस्कार, गुडघ्याला जपा.

तुमची,
वाक्यं लांबवणारी भाची

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. वैद्यबुवांनी विचारलंय, लिफ्टचा वेग तुमच्या मनात किती होता? एका मजल्याला किती सेकंद, एवढं सांगितलंत तरी पुरे. सत्तावीस वर्षांत हे तुम्हाला कुणीच विचारलं नाही, याचं ते फार नवल करत होते. शक्य असेल तर स्वतःच आठवडाभर इकडे येऊन त्यांच्या शेजारी बसा. (शक्य आहे असं मी साहेबांना सांगून टाकलंय. तुमच्यासाठी पंख्याखालची खुर्ची ठेवली आहे, स्वेटर आणा.)

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवण्याआधी आईला पत्र वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "त्याला माहीत आहे सगळं. पहिल्याच दिवशी घेतलाय त्याने. कसा घ्यायचा ते मलाच तर फोन करून विचारत होता. तुला सांगू नको म्हणाला." मी विचारलं, मग काय म्हणाला? आई म्हणाली, "आवडला नाही म्हणे त्याला."

शेवटचं. मामा, न आवडलेला गेम परत करायला आमच्याकडे तीस दिवसांची मुदत असते आणि आज विसावा दिवस आहे. परत करताना कारण लिहायला एकच ओळ दिलेली असते, तुम्हाला ती पुरणार नाही. तक्रारताई म्हणाल्या, त्यांना प्रत्यक्षच येऊ दे, मी सगळं लिहून घेते.